सांगून झिजणारा बूट: अप्रोच शूज किती टिकतात?

(एपिसोडचं शब्दांकन. बोलण्यातले अडखळे तेवढे काढलेत, बाकी जसं बोललो तसं.)

लोकलमध्ये हेडफोन लावून उभे असाल, ऑफिसच्या कॅबमध्ये असाल किंवा शनिवारच्या नाइट ट्रेकची सॅक भरत असाल, आजचा भाग तुमच्यासाठी आहे. आज बोलायचंय बुटांबद्दल.

तुमच्याकडून एक प्रश्न सारखा येतोय. "दादा, अप्रोच शूज घेऊ का? महाग आहेत, पण टिकतील का?" प्रश्न सरळ आहे, पण ‘टिकणं’ म्हणजे काय हे आधी ठरवावं लागेल. बूट एका तुकड्यात राहिला म्हणजे टिकला का? की कातळावर त्याच्यावर भरवसा ठेवता येतोय तोपर्यंत टिकला?

मी दिवसभर कोड लिहितो. आमच्याकडे कुठलाही शहाणा माणूस "हा सर्व्हर कधीच पडणार नाही" असं म्हणत नाही. तो कधीतरी पडणारच. प्रश्न एवढाच असतो, की पडायच्या आधी अलर्ट येतो का? बुटाचंही तसंच आहे. बूट झिजणारच. पण काही गोष्टी सांगून झिजतात आणि काही गुपचूप मरतात. गुपचूप मरणाऱ्या गोष्टी पायथ्याला कळल्या तर फार तर ट्रेक रद्द होतो. रॉकपॅचच्या मध्यावर कळल्या तर काय, ते मी सांगायला नको.

अप्रोच शूज म्हणजे नक्की काय?

क्लाइंबिंगची भिंत जिथे सुरू होते तिथपर्यंतच्या चालीला इंग्रजीत ‘अप्रोच’ म्हणतात. त्या चालीसाठीचा हा बूट. चालता यावं म्हणून त्यात ट्रेकिंग बुटाची गादी असते आणि वाटेत सोपा कातळ लागला तर चढता यावं म्हणून क्लाइंबिंग शूजसारखं चिकट रबर. हातात घेतलात की चार गोष्टी दिसतील. लेस पार बोटांपर्यंत जाते, म्हणजे बूट पायाला घट्ट बसवता येतो. पुढच्या टोकाला, अंगठ्याखाली, सोल जवळजवळ सपाट असतो. त्याला क्लाइंबिंग झोन म्हणतात. बोटांभोवती रबराची पट्टी असते, तिला रँड म्हणतात. आणि बाकीच्या सोलवरच्या खाचा तशा उथळ असतात.

यामागची गोष्ट जुनी आहे. १९३५ साली इटलीच्या आल्प्समध्ये सहा गिर्यारोहक गेले. त्यांच्या पायात त्या हवामानाला पुरेल असं काही नव्हतं, हे त्यामागचं एक कारण मानलं गेलं. तेव्हाची पद्धत अशी, की पायथ्यापासून चालायला खिळे ठोकलेले जड बूट आणि कातळावर चढायला हलके, पातळ तळव्याचे जोडे. मिलानच्या विताले ब्रामानी या गिर्यारोहकाने ठरवलं, की दोन्ही कामं करणारा एकच सोल हवा. १९३७ साली त्याने खाचांचा रबरी सोल आणला. त्याच्या नावातूनच ‘व्हिब्रम’ हे नाव झालं, जे आज महागड्या बुटांच्या तळाला पिवळ्या अष्टकोनात दिसतं. पुढे १९८५ मध्ये अमेरिकेत चार्ल्स कोलने ‘फाइव्ह टेन’ सुरू केली आणि तिचं ‘स्टेल्थ’ रबर चिकटपणासाठी गाजलं.

म्हणजे एकाच बुटावर चालायचं आणि चढायचं, हा हट्ट जवळजवळ नव्वद वर्षांचा आहे. आणि टिकाऊपणाची सगळी भानगड याच हट्टातून येते.

चिकट रबर लवकर का संपतं?

शाळेतली पेन्सिल आठवा. टूबी पेन्सिल मऊ, गडद उमटते आणि भराभर संपते. टूएच कडक, फिकट उमटते, पण महिनाभर पुरते. रबराचं साधारण तसंच. मऊ रबर दाबलं की खडकाच्या बारीक खडबडीत पृष्ठभागात जाऊन बसतं आणि लगेच उसळी मारून बाहेर येत नाही. ती पकड. पण जे रबर खडकात इतकं रुततं, ते प्रत्येक पावलाला थोडं तिथेच राहतं. म्हणून "भयंकर चिकट आणि भयंकर टिकाऊ" असं कोणी विकत असेल तर थोडं सावध व्हा. कंपन्या दोन्हींचा चांगला मेळ घालतात, नाही असं नाही. पण एका बाजूला ओढलं की दुसरी बाजू थोडी सुटतेच.

त्यात आपला सह्याद्री. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचून झालेला हा बेसॉल्ट. कोरडा असताना पकड झकास देतो आणि रबर सँडपेपरसारखं खातो. दोन कातळांच्या मधल्या उतारावर मुरूम आणि घसारा. तिथे पाय घसरतो तेव्हा सोलच्या कडा कुरतडल्या जातात आणि खडे बाजूने अप्परला घासतात. म्हणजे आपल्याकडे एकाच दिवसात बुटाला तीन वेगवेगळे पेपर द्यावे लागतात: कातळ, घसारा आणि डांबरी रस्ता.

हो, डांबरी रस्ता! चिकट रबराचा सगळ्यात फुकटचा खर्च तिथेच होतो. ऑफिसला अप्रोच शूज, मॉलमध्ये अप्रोच शूज, स्वारगेटला एसटी पकडायला अप्रोच शूज. दिसतात भारी, मान्य. पण ज्या रबराचे तुम्ही जास्तीचे पैसे मोजले ते फुटपाथवर सांडतंय. सरळ चपलेवर जा, बूट पायथ्याच्या गावात घाला.

सांगून झिजणारे भाग

आता बूट कुठून कुठून संपतो ते बघू. आधी प्रामाणिक भाग, म्हणजे जे अलर्ट देतात.

पहिला, अंगठ्याखालची कड. हरिहरच्या पायऱ्या डोळ्यांसमोर आणा. जवळजवळ उभ्या, कातळात खोदलेल्या, हाताला धरायला खोबण्या. तिथे तुमचं सगळं वजन सोलच्या पुढच्या दोन-तीन बोटं जागेवर असतं. राजगडाच्या बालेकिल्ल्याच्या चढाईतही तेच. ही कड नवीन असताना धारदार असते, झिजली की गोल होते. गोल कडेने बारीक पायरीवर उभं राहायला गेलं की पाय बाहेर सरकतो. गंमत बघा, बाकी सोल अगदी नवा दिसत असतो, कारण मागच्या खाचा शाबूत असतात. म्हणून बूट तपासताना टाच नंतर बघा. आधी अंगठा.

दुसरा, टाचेची बाहेरची बाजू. उतरताना आपण बहुतेक जण टाच आपटतो. तिथल्या खाचा सपाट झाल्या की घसाऱ्यावर ब्रेक लागत नाही.

तिसरा, रँड आणि अप्पर. जाळीचं अप्पर हलकं असतं, लवकर वाळतं. पण तोडलेल्या कारवीचे खुंट आणि दगडांच्या धारा त्याला फाडतात. स्वेड लेदरचं अप्पर हे सगळं सोसतं, पण जुलैत भिजलं की वाळता वाळत नाही आणि कपाटात ठेवलं की बुरशी. पाय बोटांपाशी दुमडतो तिथे रँडची कड उचकटायला लागते. नखाने उचलून बघा. मिलिमीटरभर उचललेली असेल तर आज चिकटवा. एकदा त्या फटीत माती गेली की ती आतून घासत राहते आणि मग गोंदही धरत नाही.

चौथा, लेस आणि आतलं अस्तर. टाचेजवळचं अस्तर फाटलं असेल तर बहुतेक वेळा बूट सैल आहे किंवा लेस न सोडता पाय कोंबण्याची सवय आहे. दोन्ही गोष्टी सुधारता येतात.

हे सगळे भाग डोळ्यांना दिसतात. आता खरे गुन्हेगार.

गुपचूप मरणारे भाग

आमच्या ग्रुपमधला एक जण नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगडाला आमच्याबरोबर होता. बेलपाड्यातून पहाटे निघालो, ओढ्यातले मोठमोठे दगड चढत वर. त्याचे बूट दिसायला जवळजवळ नवे होते. ट्रेकच्या आधी दोन वर्षं ते माळ्यावर खोक्यात पडून होते, वापर असा झालाच नव्हता. नळीच्या निम्म्यात उजव्या बुटाचा तळ टाचेकडून उघडला. बघितलं तर मधला थर ओल्या बिस्किटासारखा झालेला, बोटाने उकरला की भुगा. तासाभरात डावाही गेला. पुढचे दोन कातळटप्पे आम्ही त्याला दोर लावून, एकेक पाऊल सांगत वर घेतलं. नशीब एवढंच, की दोर होता आणि उजेड होता.

हे झालं कसं? सोल आणि अप्पर यांच्यामध्ये फोमचा थर असतो, त्याला मिडसोल म्हणतात. तो साधारण दोन प्रकारचा असतो. एक ईव्हीए, दुसरा पीयू म्हणजे पॉलियुरेथेन. पीयू दाबाला चांगला टिकतो, म्हणून जड बुटांमध्ये बराच वापरतात. पण त्यातल्या एका मोठ्या प्रकाराचे रासायनिक बंध हवेतल्या ओलाव्याने हळूहळू तुटतात. याला हायड्रोलिसिस म्हणतात. बूट वापरा अगर नका वापरू, ही क्रिया चालूच असते. दमट आणि गरम हवेत ती जास्त वेगाने होते. मुंबई, कोकण, गोवा इथल्या पावसाळ्यात प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून माळ्यावर ठेवलेला बूट म्हणजे तिला आग्रहाचं आमंत्रण.

म्हणून "कमी वापरलेत, जपून ठेवलेत" ही बुटाच्या बाबतीत हमी नाही. सेकंडहँड घेत असाल तर किती किलोमीटर झाले याच्या आधी किती वर्षांचे आहेत ते विचारा.

ईव्हीएचा असा भुगा होत नाही. तो दुसऱ्या पद्धतीने संपतो. त्यात गॅसचे बारीक बंद बुडबुडे असतात. हजारो पावलांनी ते चेपतात आणि गादी पातळ होते. बूट तसाच दिसतो, पण उतरताना गुडघे बोलायला लागतात आणि खडा थेट तळव्याला टोचतो. बाजूने मिडसोलवर आडव्या सुरकुत्या कायमच्या पडल्या असतील तर समजून जा.

तिसरा गुपचूप गडी म्हणजे गोंद. आजकालचे बहुतेक असे बूट शिवलेले नसतात, चिकटवलेले असतात. कारखान्यात गोंद गरम करून, मऊ करून, दाब देऊन सोल बसवतात. मग तुम्ही ओला बूट शेकोटीजवळ ठेवलात, एप्रिलमध्ये बंद गाडीच्या डिकीत ठेवलात, तर तोच गोंद पुन्हा मऊ व्हायला लागतो. फरक एवढाच, की आता दाब द्यायला मशीन नाही.

आणि चौथा, रबर स्वतः. ऊन आणि हवा यांनी रबर काळानुरूप कडक होतं. खाचा पूर्ण आहेत, झीज नाही, पण पकड नाही, असा बूट तुम्ही पाहिला असेल. नखाने दाबा. नवीन असताना नख थोडं रुतायचं आणि आता टेबलासारखं लागत असेल, तर वरचा थर मेलाय. क्लाइंबिंग करणारे लोक अशा वेळी पुढचा भाग सँडपेपरने हलकेच घासतात, आतलं ताजं रबर वर येतं. अप्रोच शूजलाही चालतं, पण हलक्या हाताने. रबर आधीच थोडं असतं.

पाच मिनिटांची चाचणी

ट्रेकच्या आदल्या रात्री नाही, आदल्या आठवड्यात करा. आदल्या रात्री कळलं तर माणूस मनाची समजूत घालतो, "जाईल रे एवढा ट्रेक."

एक, बूट दोन्ही हातांनी बोटांपाशी दुमडा आणि रँडची कड बघा. फट दिसतेय का?
दोन, टाच एका हातात, पुढचा भाग दुसऱ्या हातात, कपडा पिळतो तसा पिळा. कुरकुर आवाज किंवा सोल सुटल्यासारखं वाटतंय का?
तीन, मिडसोलवर बाजूने अंगठा जोरात दाबा. बारीक भेगा, पावडर, चिकटपणा दिसला तर तो बूट संपला. गोंद लावून उपयोग नाही, कारण गोंदाला धरायला खाली काही उरलेलंच नाही.
चार, अंगठ्याखालची कड आणि रबराची नखचाचणी.
पाच, बूट वर्षभर पडून असेल तर आधी वेताळ टेकडीला किंवा पर्वतीला दोन फेऱ्या मारा. तुटायचाच असेल तर तिथे तुटू दे, तिथून रिक्षा मिळते.

शिलाई मारून घ्यावी का?

हा खास आपल्याकडचा प्रश्न. नवीन बूट घेतला की आधी कोपऱ्यावरच्या काकांकडे नेऊन सोलला गोल शिलाई मारायची, ही ट्रेकर्सची जुनी रीत. अ‍ॅक्शन ट्रेकिंग आणि हंटर शूजवर अख्खी पिढी गड फिरली, त्यातल्या कित्येकांनी हेच केलं. ज्या सोलची रबरी भिंत बाजूने वर चढलेली असते, तिथे ही शिलाई खरंच कामाची आहे. सोल सुटलाच तरी लोंबत राहतो, पूर्ण निघत नाही.

अप्रोच शूजमध्ये मात्र सोल आणि अप्परच्या मध्ये बहुतेक वेळा मऊ फोम उघडा असतो. दोरा ओढला की फोम कापला जातो आणि प्रत्येक भोकातून पाणी आत जातं. म्हणून पूर्ण गोल शिलाईऐवजी फक्त पुढे, रँड आणि सोल जिथे एकमेकांवर येतात तिथे चार टाके पुरतात. काकांना आधी दाखवा, विचारा. रोज शेकडो बूट हाताखालून जातात, कुठे दोरा धरेल हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतं.

पैशाचा हिशेब

आता मूळ प्रश्न. हे आकडे फक्त समजण्यापुरते आहेत हं. समजा एक बूट ३,००० रुपयांचा, त्यात ३०० किलोमीटर भरवशाची पकड मिळाली. किलोमीटरला १० रुपये. दुसरा १२,००० रुपयांचा, तो ८०० किलोमीटर गेला. किलोमीटरला १५ रुपये. म्हणजे महाग बूट जास्त टिकूनही महागच पडला. पण त्याचा सोल बदलता येत असेल आणि ४,००० रुपयांत पुन्हा ८०० किलोमीटर मिळत असतील, तर १६,००० भागिले १,६००, परत १० रुपये. थोडक्यात, महागड्या अप्रोच शूजचं गणित रीसोलवर उभं आहे. मूळ दर्जाचं चिकट रबर लावून देणारा कारागीर आपल्याकडे गल्लोगल्ली नाही. म्हणून घेण्याआधी ही सोय कुठे होईल ते शोधा, आणि मगच किमतीचं समर्थन करा.

माझं मत विचाराल तर असं. महिन्याला एखादा साधा गड, तोही जास्त पावसाळ्यात, असं असेल तर अप्रोच शूज घेऊच नका. उथळ खाचा चिखलात भरतात आणि शेवाळलेल्या दगडावर कुठलंच रबर जादू करत नाही. त्यापेक्षा खोल खाचांचा साधा ट्रेकिंग बूट घ्या. पण ऑक्टोबर ते मे तुम्ही कातळटप्प्यांच्या वाटा करत असाल, अलंग-मदन-कुलंग, कलावंतीण, नळीची वाट, तर अप्रोच शूजसारखी मजा नाही. तेव्हा ते लवकर झिजतील हे मान्य करून घ्या.

"गावातले मामा तर साध्या चपलेवर चढतात," असंही कोणीतरी म्हणेलच. चढतात, अगदी बरोबर. त्यांचा पाय त्या वाटेवर लहानपणापासून घडलाय, कुठला दगड हलतो ते त्यांना माहीत आहे, आणि पाठीवर आपल्यासारखी १० किलोची सॅक नसते. त्यांची चप्पल उसनी घेता येईल, पाय नाही.

जपायचं कसं?

ट्रेकहून आलात की त्याच दिवशी चिखल धुवा, साध्या पाण्याने आणि ब्रशने. आतली इनसोल काढा, लेस सैल करा, आत वर्तमानपत्राचे बोळे भरा, दोन तासांनी बदला. पंख्याखाली सावलीत वाळवा. कडक ऊन, गॅस, हेअर ड्रायर नको. पूर्ण वाळल्यावर हवा खेळेल अशा जागी ठेवा, माळ्यावर पिशवीत नको. आणि फोनमध्ये एक साधी नोट ठेवा: घेतल्याची तारीख, प्रत्येक ट्रेकचे किलोमीटर, काय उचकटलं, काय चिकटवलं. तुमच्या पायाचा, तुमच्या वाटांचा आकडा यातूनच मिळेल. कुठल्याही रिव्ह्यूमध्ये तो नसतो.

सॅकमध्ये एक मीटरभर दोरी, थोडी डक्ट टेप आणि दोन-तीन केबल टाय ठेवा. सोल सुटलाच तर बांधताना दोरी अंगठ्याखालून नेऊ नका; ती कातळावर घासून तुटते आणि पायही सरकतो. टाच आणि चवडा यांच्यामधल्या पोकळ भागातून न्या, वर गाठ मारा. आणि मग रॉकपॅचचा नाद सोडून सोप्या वाटेने उतरा. गड उद्याही तिथेच असतो.

तर मंडळी, आज जाऊन आपापले बूट काढा, अंगठ्याने मिडसोल दाबा आणि काय दिसलं ते मला कळवा. बूट किती वर्षांचे आहेत तेही लिहा. पुढच्या भागात याच विषयाला धरून दोराबद्दल बोलू: तो कधी निवृत्त करायचा, आणि दिसायला चांगला असला तरी का करायचा. भेटू!